शेअर फोल्डर उघडत नाही म्हणून फायरवॉल बंद?

‘सर्व्हरवरचा शेअर फोल्डर दुसऱ्या कॉम्प्युटरवरून उघडत नाही? १००% उपाय!’ अशी एक पोस्ट ग्रुपाग्रुपांतून फिरतेय. एसएमबी १ (नेटवर्कवरून फाइल शेअर करायची विंडोजची जुनी पद्धत) चालू करा, फायरवॉल बंद करा, ‘एव्हरीवन’ला म्हणजे सरसकट सगळ्यांना फुल कंट्रोल द्या, पासवर्ड काढून टाका, आणि शेवटी ‘हा सगळा मायक्रोसॉफ्टचा डाव आहे’. माझ्या आत्तेभावाने हे सगळं इमानेइतबारे केलं. त्याच्या सर्व्हरवर गिऱ्हाइकांचा टॅलीचा डेटा आणि पॅनकार्डांचे स्कॅन आहेत!

सगळ्यात घातक कलम पहिलंच. एसएमबी १ वापरणं थांबवा, असं मायक्रोसॉफ्टच्याच नेड पाइल यांनी सप्टेंबर २०१६ मध्ये जाहीर लिहिलं होतं. पुढच्याच मे महिन्यात ‘वॉनाक्राय’ हा खंडणी मागणारा व्हायरस त्यातल्याच छिद्रातून जगभर घुसला, आणि जूनमध्ये ‘नॉटपेट्या’ या दुसऱ्या व्हायरसनेही तेच छिद्र वापरलं. तेव्हा आपल्या न्हावा-शेवा बंदरातल्या एका टर्मिनलचं काम ठप्प झालं होतं. २०१७ च्या अखेरीपासून विंडोज १० च्या नव्या इन्स्टॉलेशनमध्ये एसएमबी १ चा सर्व्हरचा भाग आपोआप येत नाही, ते उगाच नाही.

मग ‘चालू केल्यावर आमचं चाललं’ असं लोक का सांगतात? कारण ‘नेटवर्क’मधली कॉम्प्युटरांची जुनी यादी एसएमबी १ च्या आधाराने बनायची. यादीत नाव दिसत नाही म्हणजे फोल्डर बंद आहे, असं नाही. ॲड्रेस बारमध्ये दोन उलटे स्लॅश देऊन सर्व्हरचं नाव किंवा आयपी टाइप करा, बहुतेकदा उघडतो. अगदी जुना स्कॅनर किंवा नॅस (नेटवर्कला जोडलेला साठवणुकीचा डबा) असेल तर त्याला एसएमबी १ खरंच लागू शकतं, हे मान्य. पण मग ते जुनं यंत्रच बदला.

फायरवॉल: नेटवर्क ‘पब्लिक’ असेल तर ‘प्रायव्हेट’ करा, फाइल शेअरिंगला परवानगी द्या. संपलं.

‘एव्हरीवन’: शेअरची परवानगी वेगळी, एनटीएफएसची (म्हणजे डिस्कवरच्या फोल्डरचीच, ‘सिक्युरिटी’ टॅबमधली) वेगळी, आणि दोन्हींत जी कडक ती चालते. त्यामुळे नुसत्या शेअरच्या टॅबवर फुल कंट्रोल देऊन अनेकदा काहीच होत नाही.

पासवर्डाच्या कलमात अर्धं सत्य आहे. विंडोज ११ प्रोच्या २४एच२ आवृत्तीपासून पासवर्डाशिवायचा ‘गेस्ट’ प्रवेश आपोआप चालत नाही, म्हणून अपडेटनंतर काहींचे फोल्डर खरोखर बंद पडले. पण त्यावर उपाय पासवर्ड काढणं कसा होईल? रिकाम्या पासवर्डाचं खातं विंडोज मूळ सेटिंगमध्ये नेटवर्कवरून आत घेतच नाही. सर्व्हरवर प्रत्येकाचं साधं युजर खातं काढा, पासवर्ड द्या, त्या खात्याला त्या फोल्डरची परवानगी द्या. दुसऱ्या कॉम्प्युटरने विचारलं की सर्व्हरवरचं नाव-पासवर्ड टाका. पिन टाकू नका, तो फक्त ज्या-त्या मशीनपुरता असतो. निम्म्या तक्रारी इथेच मिटतील.

उरला डाव. एसएमबी २ आणि ३ या नव्या आवृत्त्या विंडोजमध्ये फुकटच येतात, त्यामुळे यात कोण कोणाला काय विकतंय ते पोस्टवाल्यानेच सांगावं.