पन्नास हजार डिझाइन ४९९ रुपयांत: त्या मेसेजमधल्या एकेका वाक्याबद्दल

बचत गटाचा ग्रुप, सोसायटीचा ग्रुप, शाळेतल्या मैत्रिणींचा ग्रुप, सगळीकडे हा मेसेज फिरून झालाय. वहिनीकडे तो तीनदा आला. तिसऱ्यांदा आल्यावर तिने तो खरा मानला आणि पेनड्राइव्हमधल्या झाडून सगळ्या फाइलींची नावं बदलून टाकली. म्हणून हा खटाटोप. मेसेज असा आहे:

“घरबसल्या कॉम्प्युटर एम्ब्रॉयडरी! ५०,००० डिझाइनचा पेनड्राइव्ह फक्त ४९९ रुपयांत. फाइल चालत नसेल तर नावाच्या शेवटचं डीएसटी खोडून पीईएस लिहा, कुठल्याही मशीनवर चालेल. डिझाइन कितीही लहान-मोठं करा. कोणताही फोटो टाका, ॲप डिझाइन बनवून देईल. महागडं बॅकिंग नको, वर्तमानपत्र चालतं. दिवसाला १५ ब्लाउज सहज!”

आधी ते नाव बदलण्याचं, कारण बाकीच्या वाक्यांनी फार तर कापड वाया जातं, याने फाइलीच मशीनला ओळखू येईनाशा होतात.

मिठाच्या डब्यावर ‘साखर’ लिहून चिकटवलं तर आत मीठच राहतं. डीएसटी हा जपानच्या ताजिमा कंपनीच्या मशीनांसाठी निघालेला प्रकार. त्याची रचना अगदी साधी आहे: सुरुवातीचे ५१२ बाइट माहितीचे, त्यानंतर प्रत्येक हालचालीसाठी तीन-तीन बाइट. मोजमाप ०.१ मिमीत, आणि एका नोंदीत आडवी किंवा उभी हालचाल जास्तीत जास्त १२.१ मिमी. रंगाचा त्यात पत्ताच नसतो, फक्त ‘इथे थांब, दोरा बदल’ एवढी खूण असते. पीईएस हा ब्रदर कंपनीच्या मशीनांचा प्रकार, त्यात रंगांची यादी असते आणि पडद्यावर दिसणारं छोटं चित्रही. आतली मांडणीच वेगळी असताना शेवटची तीन अक्षरं बदलून काय होणार? मशीन फाइल उघडतं, पीईएसची ओळख शोधतं, ती सापडत नाही आणि फाइल नाकारतं किंवा यादीत दाखवतच नाही. गंमत म्हणजे ब्रदरची बरीच मशीनं डीएसटी जशीच्या तशी वाचतात. म्हणजे नाव बदलायची गरजच नव्हती!

ज्यांनी हा उद्योग करून ठेवलाय त्यांच्यासाठी: फाइली बहुतेक शाबूत आहेत. आधी सगळ्या फोल्डरची दुसरीकडे प्रत काढा. मग प्रतीतली एक फाइल नोटपॅडमध्ये उघडा. सेव्ह मात्र चुकूनही करू नका, बंद करताना विचारलं तर ‘नाही’ म्हणा, नाहीतर नोटपॅड आतले बाइट बिघडवून ठेवेल. सुरुवातीला इंग्रजी ‘एलए’ आणि दोन टिंबं दिसली तर ती डीएसटी. हॅशचं चिन्ह आणि लगेच ‘पीईएस’ दिसलं तर खरोखरची पीईएस. टक्क्याच्या दोन चिन्हांमध्ये ‘व्हीएसएम’ असेल तर ती वायकिंग-फाफ मशीनांची व्हीपी३. पहिल्याच अक्षरापासून नुसती चित्रविचित्र चिन्हं असतील तर ती ईएक्सपी असू शकते, कारण त्या प्रकाराला डोकंच, म्हणजे सुरुवातीची माहितीच, नसते. जे निघेल ते नाव परत लावा.

त्याच खिडकीत डीएसटीबद्दल आणखी बरंच वाचता येतं. ‘एसटी’पुढे टाक्यांची संख्या. ‘सीओ’पुढे दोरा किती वेळा बदलायचा ते, त्यात एक मिळवला की साधारण रंगांची संख्या. अधिक एक्स ००३०० आणि उणे एक्स ००३०० असेल तर दोन्ही मिळून ६००, म्हणजे रुंदी ६० मिमी. फाइल न उघडताही अंदाज येतो: ३६,५१२ बाइटच्या फाइलमधून ५१२ वजा करा, तीनने भागा, १२,००० नोंदी. त्यात धागा न शिवता मारलेल्या उड्याही आल्या, पण अंदाजाला एवढं पुरे.

प्रकार खरोखर बदलायचा असेल तर रूपांतर करावं लागतं. त्यासाठी इंक/स्टिच हे इंकस्केप या चित्र काढायच्या सॉफ्टवेअरला जोडायचं मोफत, मुक्तस्रोत सॉफ्टवेअर आहे. डीएसटी उघडा, रंग नेमून द्या, प्रत पीईएस किंवा जेनोमच्या मशीनसाठी जेईएफ म्हणून साठवा. पाच मिनिटांचं काम.

दुसरं, “कितीही लहान-मोठं करा”. सध्या खणाच्या ब्लाउजवर नथ काढून घेणाऱ्यांची रीघ असते, तर नथच घेऊ. मूळ डिझाइन ६० मिमी रुंद, भरणीच्या (आतली जागा भरणाऱ्या टाक्यांच्या) ओळींमधलं अंतर ०.४ मिमी. ४० नंबरच्या दोऱ्याला हे नेहमीचं अंतर. नथीची तार सॅटिन टाक्यात (या कडेपासून त्या कडेपर्यंत लगोलग मारलेले टाके), १.२ मिमी जाड. बाहीवर बसवायला ती निम्मी, ३० मिमी केली. टाके तेवढेच राहिले, जागा चौथाई झाली. ओळींतलं अंतर ०.२ मिमी, तार ०.६ मिमी. आता सुईकडे बघा. भरतकामाची नेहमीची सुई ७५/११, आणि त्यातला ७५ म्हणजे दांड्याची जाडी ०.७५ मिमी. तारेपेक्षा सुई जाड! सुई त्याच त्याच भोकात जाते, दोरा पिंजतो, खाली बॉबिनपाशी गोळा होतो, आणि मोत्यांच्या जागी कडक गाठी तयार होतात. खणाला तिथे भोक पडलं तर ब्लाउजपीस गेलाच. उलट नथ १२० मिमी केली तर ओळी ०.८ मिमीवर जातात आणि मधून खणाचा रंग डोकावतो. मूळचा ५ मिमीचा सॅटिन पट्टा १० मिमीचा होतो, आणि त्याचे लोंबते टाके पहिल्याच दिवशी बांगडीत अडकतात.

अर्धसत्य इथे आहे, ते मान्य करायला हवं. डिझाइन मूळ संपादनाच्या फाइलमध्ये असेल, म्हणजे विलकॉम या सॉफ्टवेअरची ईएमबी किंवा इंक/स्टिचची एसव्हीजी, तर आकार बदलल्यावर सॉफ्टवेअर टाके नव्याने मोजतं. पण तिथेही १ मिमीपेक्षा अरुंद झालेला सॅटिन पट्टा तुम्हालाच बघून साधा धावटाका करावा लागतो. पेनड्राइव्हवर मिळतात त्या टाक्यांच्या फाइली, आणि त्या इंक/स्टिचमध्ये उघडल्या तरी टाके जसेच्या तसे येतात. त्यांचा आकार १० टक्के, फार तर २० टक्के बदला. त्याहून जास्त फरक हवा असेल तर त्या मापाचं दुसरं डिझाइन घ्या.

आता ते ५०,०००. त्यात एकच मोर सात प्रकारांत आणि तीन मापांत असतो. तसं धरलं तर एका डिझाइनच्या २१ फाइली, म्हणजे खरी डिझाइनं २,४०० देखील नाहीत. शिवाय कार्टूनची पात्रं आणि कंपन्यांचे लोगो घुसवलेले असतात, ते विकाऊ कपड्यांवर काढणं कायद्याने अंगाशी येऊ शकतं. बरं, तरीही सगळ्या फाइली बघायच्या ठरवल्या, एकेकीला १० सेकंद दिले, तर १३९ तास लागतात. रोज दोन तास बसलात तर जवळजवळ सत्तर दिवस. आणि हा अख्खा ढीग मशीनला लावला की मशीन यादी वाचतानाच रेंगाळतं.

मशीनच्या पेनड्राइव्हवर फक्त या आठवड्याच्या कामाच्या फाइली ठेवा, पाच-दहा. पेनड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट केलेला बरा, जुनी मशीनं दुसरं काही ओळखत नाहीत. बाकी सगळं कॉम्प्युटरवर आणि एक प्रत वेगळ्या डिस्कवर. कॉम्प्युटरवर तीन फोल्डर पुरतात: ‘मूळ’मध्ये विकत घेतलेलं झिप जसंच्या तसं, त्याला हात लावायचा नाही. ‘मशीन’मध्ये तुमच्या मशीनच्या प्रकारातली फाइल. ‘तपासलेलं’मध्ये फक्त तेच, जे कापडावर काढून बघितलंय. फोल्डर मराठीत ठेवलेत तर चालेल, पण मशीनवर जाणाऱ्या फाइलचं नाव इंग्रजी अक्षरांत आणि छोटं, कारण पुष्कळ मशीनच्या पडद्यावर देवनागरी उमटत नाही आणि लांब नाव मध्येच तुटतं. नावात क्रमाने वस्तू, रुंदी, उंची, हजारांत टाके: nath-60-45-7. वर्षभराने ‘न्यू फायनल २’ या फाइलमध्ये काय होतं हे कुणालाच आठवत नाही.

डीएसटीत रंग नसतात, हे फाइली लावताना विसरू नका. सॉफ्टवेअर मनाने रंग दाखवतं आणि मोर जांभळा दिसतो. फाइल बिघडलेली नसते. प्रत्येक डिझाइनसोबत दोऱ्याचे नंबर क्रमाने लिहिलेला कागद किंवा त्याचा फोटो ठेवा. तपासणीच्या तुकड्यावर मागे बॉलपेनने कापड, बॅकिंग (कापडाखाली आधाराला लावतात ते अस्तर) आणि सुई लिहून ठेवलीत तर आणखी उत्तम.

हूपचं, म्हणजे कापड ताणून धरणाऱ्या चौकटीचं, मापही इथेच बघायचं. १०० बाय १०० मिमीचा हूप असलेल्या मशीनला १०४ मिमीची फाइल दिली तर ते ती घेत नाही. गळ्याचं अख्खं डिझाइन त्या हूपमध्ये एका बैठकीत होणारच नाही, तुकडे पाडून पुन्हा पुन्हा हूप लावावा लागेल. हे मशीन घेण्याआधी कळलेलं बरं.

फोटोवरून आपोआप डिझाइन: दोन-तीन सपाट रंगांचा, जाड कडांचा लोगो असेल तर बरं जमतं. सासूबाईंचा फोटो नाही जमत. नथही नाही. ॲपला रंगांचे ठिपके दिसतात, कापड दिसत नाही. टाका कापडाला आपल्या दिशेने ओढतो, म्हणून गोल मोती अंडाकृती होतो. ते टाळायला पट्टा ०.२ ते ०.४ मिमी मुद्दाम रुंद ठेवतात आणि खाली अंडरलेचे, म्हणजे पायाचे, टाके आधी मारतात. कुठला भाग आधी, कुठला नंतर हेही माणूस ठरवतो. ॲप रंगांनुसार उड्या मारत सुटतं, आणि मग तासभर कात्री घेऊन धागे कापत बसा.

“वर्तमानपत्र चालतं.” नाही चालत. सुईच्या भोकांनी कागद डिझाइन अर्ध्यावर असतानाच फाटतो, कापड सैल पडतं आणि कडा भरणीपासून सरकते. शाई पांढऱ्या कॉटनवर उतरते. कागदाचा भुगा बॉबिन केसमध्ये साचतो. जाड, कडक कापडावर नुसती बाह्यरेषा काढायची असेल तर कोरा कागद एखादवेळी निभावून नेतो, एवढं कबूल. बाकी हिशोब सोपा आहे: कॉटन आणि खणाला फाडून काढता येणारं बॅकिंग, टी-शर्टसारख्या ताणणाऱ्या कापडाला कापून कायम राहणारं, टॉवेल आणि मखमलीला वरून पाण्यात विरघळणारा पापुद्रा, म्हणजे टाके लवेत बुडत नाहीत.

सुरुवातीचं सामान एवढंच: ही बॅकिंग, ७५/११ च्या सुया, ४० नंबरचा पॉलिस्टर दोरा पाच-सहा रंगांत, बॉबिनसाठी ६० किंवा ९० नंबरचा बारीक पांढरा दोरा (मशीनच्या माहितीपुस्तकात जो सांगितलाय तो), आणि वाकड्या टोकाची छोटी कात्री. सुई साधारण आठ तास चालली की बदला, तुटायची वाट बघू नका. कापड आधी कापू नका. ब्लाउजचा आकार खडूने आखा, भरतकाम करा, मग कापा. दोऱ्याचा ताण बघायला एक सॅटिन पट्टा काढा आणि उलटा करा: मधोमध एक-तृतीयांश भागात बॉबिनचा पांढरा दोरा दिसला पाहिजे. पांढरा दिसतच नसेल तर वरचा दोरा सैल आहे, पांढरा सुलट बाजूला डोकावत असेल तर घट्ट. ताण फिरवण्याआधी दोरा पुन्हा ओवा, निम्म्या वेळा दोरा ताणाच्या चकत्यांत बसलेलाच नसतो.

राहिले दिवसाला १५ ब्लाउज. गळा आणि दोन बाह्या मिळून ४०,००० टाके धरा. घरगुती मशीन मिनिटाला ६०० टाक्यांनी न थांबता चाललं तर एका ब्लाउजला ६७ मिनिटं. पंधरा ब्लाउजला १,००० मिनिटं, म्हणजे १६ तास ४० मिनिटं, नुसती सुई खालीवर होण्याची. एका सुईच्या मशीनवर प्रत्येक रंगाला थांबून हाताने दोरा बदलायचा, प्रत्येक ब्लाउजला किमान तीनदा हूप लावायचा, बॉबिन संपली की भरायची. ते या हिशोबात धरलेलंच नाही. दिवसाला तीन-चार नीट होतात. भाव नगावर सांगण्याऐवजी व्यवसायातले लोक सांगतात तसा हजार टाक्यांमागे सांगा, आणि टाके किती ते कुठे बघायचं हे आता माहीत आहेच: नोटपॅडमध्ये, ‘एसटी’च्या पुढे.