‘अकरा दिवस द्या’वाली दंगल झालीच नाही हो

कॉलेजच्या ग्रुपवर परवा तो सप्टेंबर १७५२ वाला फॉरवर्ड परत फिरून आला. इंग्लंडच्या राजाने महिन्यातले ११ दिवस उडवले, कामगारांना पगार मात्र पूर्ण महिन्याचा मिळाला आणि तिथून भरपगारी रजा सुरू झाली, शिवाय आपलं आयुष्य ११ दिवसांनी कमी झालं असं वाटून अडाणी लोकांनी दंगली केल्या. खाली कॅलेंडरचा फोटो.

११ दिवस गेले हे खरंय. बुधवार २ तारखेनंतर थेट गुरुवार १४ उजाडला. पण राजाला लहर आली म्हणून नाही, जुनं ज्युलियन कॅलेंडर सोडून आजचं ग्रेगोरियन घ्यायला पार्लमेंटने १७५१ मध्ये तसा रीतसर कायदा केला होता.

पगाराचं तर काहीच्या काही. त्याच कायद्यात लिहिलंय की भाडं, देणी, नोकरीच्या मुदती सगळं खरे दिवस भरल्यावरच, म्हणजे तारीख ११ दिवस पुढे. आणि तेव्हाचे लोक रोजावर नाहीतर वर्षाच्या बोलीवर कामाला, पगारपत्रक काढायला एचआर बसलं होतं का तिथे?

आता दंगल. इतिहासकारांनी शोध शोध शोधलं, त्या काळातली एक धड नोंद सापडली नाही. मग ही गोष्ट आली कुठून, तर मुख्यतः विल्यम होगार्थ या इंग्रज व्यंगचित्रकाराच्या १७५५ च्या एका छापील चित्रातून, आणि ते चित्र कॅलेंडरचं नाहीच, निवडणुकीचं आहे. १७५४ ची ऑक्सफर्डशरची निवडणूक डोळ्यासमोर ठेवून त्याने चार चित्रांची मालिका केली, त्यातलं हे पहिलं, व्हिग पक्षाने मतदारांना दिलेल्या पार्टीचं. मेयरसाहेब ऑयस्टर खाऊन खाऊन गार पडलेत, एक अजून काट्यालाच अडकलाय आणि शेजारी एकजण उपचार म्हणून त्यांच्या हातातून रक्त काढतोय. खिडकीतून आलेली वीट लागून मतांचा हिशोब लिहिणारा एजंट मागे कोसळतोय. आणि पुढे जमिनीवर डोकं फुटलेला एक लाठीवाला बसलाय, वरून दुसरा त्याच्या जखमेवर दारू ओततोय, लाठीवाल्याच्या पायाशी तो बॅनर पडलाय, ‘आमचे अकरा दिवस द्या’. म्हणजे विरोधी टोरी पक्षाच्या मिरवणुकीतून हिसकावून आणलेला माल.

बरं, या निवडणुकीत कॅलेंडर कशाला? व्हिगांचा एक उमेदवार लॉर्ड पार्कर, त्याचे वडील अर्ल ऑफ मॅकल्सफील्ड हे खगोलशास्त्री, आणि कॅलेंडरचा कायदा पास करून घेण्यात त्यांचा मोठा हात. बापाचं प्रकरण मुलाच्या प्रचारात काढायचं, आपल्याला काय नवीन आहे! एवढीशी प्रचारातली टोमणेबाजी, ती व्यंगचित्रात आली आणि नंतरच्या लोकांनी ती बातमीतल्या फोटोसारखी वाचली.

आणि फॉरवर्डच करायचं असेल तर मालिकेतलं तिसरं चित्र करा की राव. मरायला टेकलेल्या माणसाला मतदानाला उचलून आणलंय, आणि हात गेलेला सैनिक बायबलवर हुक ठेवून शपथ घेतोय, तर हुकाची शपथ धरायची का नाही यावर दोन वकील भांडतायत.