‘कुठलीही पावडर चालते’ म्हणे! बोरॅक्सविना स्लाइमच्या फॉरवर्डला उत्तर

सुट्ट्या लागल्या की पालकांच्या ग्रुपवर बोरॅक्सविना (म्हणजे टाकणखाराविना) स्लाइम, हा ताणला जाणारा बुळबुळीत खेळण्याचा गोळा, घरी करायचा एक मेसेज हमखास फिरतो. त्याचा मथितार्थ असा: “बोरॅक्स विषारी आहे, वापरू नका. शाम्पू किंवा पांढऱ्या गमात घरातली कुठलीही पावडर कालवा, कॉर्नफ्लोअर, मैदा, खायचा सोडा, काहीही. विकतच्यासारखा ताणणारा स्लाइम तयार. हवं तर कॉन्टॅक्ट लेन्सचं सोल्युशन घाला. सगळं निर्धोक, महिनाभर टिकतं.” यातलं पहिलं वाक्य अर्धं खरं आहे. पुढचं बहुतेक चुकीचं.

“कुठलीही पावडर.” दाट होणं वेगळं आणि ताणलं जाणं वेगळं. स्लाइम ताणतो, कारण त्यातले लांबलचक रेणू एकमेकांशी सैल बांधलेले असतात. ओढलं की बंध सुटतात आणि लगेच पुन्हा जुळतात. खायच्या सोड्यात असे रेणूच नाहीत, तो पाणीसुद्धा दाट करत नाही. मैद्यात ग्लुटेन असतं, त्यामुळे हाती लागतो तो कणकेचा गोळा.

कॉर्नफ्लोअरचे कण थंड पाण्यात विरघळत नाहीत, नुसते पसरून राहतात. दोन वाट्या कॉर्नफ्लोअरला एक वाटी पाणी घेतलं, तर बुक्की मारल्यावर घट्ट आणि बोट हळूच घातल्यावर पातळ असं गमतीदार मिश्रण होतं. पण उचललं की बोटांतून ओघळतं आणि जरा वेळ ठेवलं की तळाशी दगडासारखं बसतं. मग कुणीतरी ते गॅसवर ठेवतं. साधारण ६५ ते ७० अंशांना कण फुगतात, खळ तयार होते, आणि थंड झाल्यावर तिचे ताणायला गेलं की तुकडे पडतात. कस्टर्ड पावडर म्हणजेही रंग-वास घातलेलं कॉर्नफ्लोअरच, तेव्हा तिच्याकडून वेगळी अपेक्षा नको.

शिजवूनच करायचं तर साबुदाण्याचं पीठ घ्या. त्यात अमायलोज (खळ थंड झाल्यावर घट्ट करणारा स्टार्चचा घटक) कमी असतं, म्हणून खळ थंड झाल्यावरही लांब तार धरते. दोन मोठे चमचे पीठ अर्धा कप थंड पाण्यात आधी कालवायचं, मग मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत ढवळायचं. गरम पाण्यात पीठ टाकलं तर गुठळ्या ठरलेल्या.

“पांढऱ्या गमात कॉर्नफ्लोअर.” यातून स्लाइम नव्हे, दागिने आणि फुलं बनवायची माती तयार होते. ती वाळून टणक होते. शाम्पूत मीठ घातलं की तो दाटतो खरा, पण एका मर्यादेनंतर आणखी मीठ घातलं की उलट पातळ होतो. ताण कधीच येत नाही.

“लेन्सचं सोल्युशन म्हणजे बोरॅक्सविना.” इथे तर शुद्ध फसवणूक आहे. ही कृती जमते ती सोल्युशनमधल्या बोरिक ॲसिडमुळे किंवा सोडियम बोरेटमुळे, म्हणजे बोरॅक्सच्याच कुळातल्या रसायनांमुळे. सोबतचा खायचा सोडा मिश्रण अल्कधर्मी करतो, त्यामुळे बोरेट तयार होऊन गमातल्या रेणूंना बांधतं. लेबलवर या दोन्हींपैकी एकही नाव नसेल, तर अख्खी बाटली रिकामी केली तरी स्लाइम होणार नाही. बाजारातल्या बऱ्याच कॅरम पावडरीही बोरिक ॲसिडच्याच असतात. ‘साधी पावडर’ म्हणून ती मुलांच्या हाती देऊ नका.

बोरॅक्स खरंच किती घातक, हे मात्रेवर ठरतं. युरोपीय संघाच्या २००९ च्या खेळणी निर्देशात चिकट खेळण्यांतून सुटणाऱ्या बोरॉनची (बोरॅक्समधल्या मूलद्रव्याची) मर्यादा किलोमागे ३०० मिलिग्रॅम ठेवली आहे. चमचाभर, म्हणजे अंदाजे ४ ग्रॅम बोरॅक्स २०० ग्रॅम मिश्रणात ओतला, तर एकूण बोरॉन या मर्यादेच्या सातपटींहून जास्त भरतं. नेमकी गफलत इथे होते.

“विकतच्यासारखा.” मॅटेल कंपनीने १९७६ मध्ये आणलेला हिरवा स्लाइम गवार गम आणि बोरॅक्सचाच होता. गवार गम म्हणजे गवारीच्या बियांची पावडर, आणि तिचं पीक मुख्यतः राजस्थानात. १०० मिली पाण्याला अर्धा ग्रॅम पुरतो. तो थेट पाण्यात टाकला की बाहेरून चिकट, आतून कोरड्या अशा गोळ्या होतात आणि कितीही ढवळलं तरी मोडत नाहीत. म्हणून आधी चमचाभर ग्लिसरिनमध्ये कालवा, मग पाणी फेटत फेटत घाला आणि दहा मिनिटं फुगू द्या. ४ ग्रॅम बोरॅक्स १०० मिली कोमट पाण्यात विरघळवून त्यातलं फक्त ५ मिली यात घाला. एक-दोन मिनिटांत जेल धरतं. या प्रमाणात बोरॉन किलोमागे सुमारे २१५ मिलिग्रॅम येतं. बोरॅक्स मोठ्यांनी हाताळायचा. तोंडात हात घालणाऱ्या लहानग्यांसाठी ही कृती नाहीच. लिंबू किंवा व्हिनेगर पडलं तर बंध सुटून पाणी होतं. गालिच्याला चिकटलेला स्लाइम काढायला मात्र हेच उपयोगी.

झॅन्थन गम केकच्या सामानाच्या दुकानात मिळतो, पण त्याने बुळबुळीत सॉस होतो, तार येत नाही.

बोरॅक्स अजिबात नको असेल तर घरातली सर्वांत भरवशाची वस्तू इसबगोल, आणि तिचं नाव फॉरवर्डमध्ये नाही! साधी भुशी घ्या, साखर-लिंबाची चव असलेली पुडी नको. एक लहान चमचा भुशी, एक कप पाणी, खोल भांडं. मायक्रोवेव्हमध्ये फसफसून वर आलं की बंद करायचं, दोन-तीन मिनिटं निवू द्यायचं, पुन्हा तापवायचं. चार-पाच फेऱ्यांत रबरासारखा गोळा होतो. पहिल्याच फेरीत थांबलात तर नुसती लापशी मिळते. आतला भाग बराच वेळ चटके देण्याइतका गरम असतो, त्यामुळे पूर्ण निवेपर्यंत मुलांना हात लावू देऊ नका.

“निर्धोक आणि महिनाभर.” कोरडी इसबगोल घशात फुगून अडकते, म्हणून डबा मुलांपासून लांब ठेवा. खाण्याच्या पदार्थांचा स्लाइम बुरशीलाही खाणंच वाटतो: फ्रिजमध्ये झाकून दोन-तीन दिवस, बाहेर एक दिवस. आंबट वास किंवा ठिपके दिसले की कचऱ्यात टाका. बेसिनमध्ये नको, कॉर्नफ्लोअर पाइपच्या वळणात बसतं आणि त्यावर गरम पाणी ओतलं तर तिथेच त्याची खळ होते.