एकसारखेपणा निकालात हवा
पायथन, सी आणि पर्ल या तिन्ही प्रोग्रामिंग भाषांतील युनिट टेस्ट (प्रोग्रामचा छोटा भाग नीट चालतो का ते तपासणाऱ्या चाचण्या) एकाच फ्रेमवर्कमध्ये, म्हणजे चाचण्या लिहिण्याच्या एकाच तयार चौकटीत, पुन्हा लिहाव्यात, हे एका लेखातील मत मला पटले नाही. एकसारखेपणा टेस्ट लिहिण्यात नव्हे, तर त्यांचा निकाल सांगण्यात हवा. १९८७ मध्ये पर्लसोबत आलेला टॅप, म्हणजे टेस्ट एनिथिंग प्रोटोकॉल, नेमके हेच करतो: एकूण किती चाचण्या होणार ते सांगायचे आणि प्रत्येकीसाठी ‘ओके’ किंवा ‘नॉट ओके’ अशी ओळ छापायची. प्रोग्राम कोणत्याही भाषेतला असो, ‘प्रूव्ह’ ही कमांड त्या ओळी वाचते, आणि चार सांगून तीनच चाचण्या झाल्या, तर मधेच कोसळलेला प्रोग्रामही तिच्या नजरेतून सुटत नाही. सीमध्ये तर यासाठी ओळ छापणारा नुसता प्रिंटएफ पुरतो!