दोन सेकंदांची गुणगुण

आमच्या गाडीला साक्षीदार चालत नाहीत. बंद पडायचं ते मी एकटा असताना, चढावर आणि मागे ट्रक लागलेला असताना. मेकॅनिकच्या दारात मात्र ती पहिल्या किल्लीला अशी सुरू होते की आजारी गाडी नसून मीच आहे असं वाटावं. "साहेब, गाडी एकदम ओके आहे," असं म्हणून तो माझ्याकडे बघतो ते शाळा बुडवायला पोट धरून बसलेल्या पोराकडे बघावं तसं.

गाडीचं वय अठरा. मुलीपेक्षा दोन वर्षांनी मोठी, म्हणून घरात तिला 'ताई' म्हणतात.

ताईचं दुखणं आचक्यांपासून सुरू झालं. सपाटीवर ठीक, चढ आला की उचकी लागल्यासारखी अडखळायची. मग भर दुपारी अर्धा तास चालवली की गुपचूप मान टाकायला लागली. स्टार्टर फिरतोय, दिवे लागतायत, इंजिन मात्र मौनात. वीस मिनिटं रस्त्याच्या कडेला बसून राहिलं की राग गेल्यासारखी आपोआप सुरू! इंजिन गरम, पेट्रोल गरम, आतला पंप गरम. सगळं निवलं की पुन्हा काम चालू. हे मला आता कळतंय. तेव्हा मी प्लग बदलले. मग एअर फिल्टर. मग कॉइल. शेवटी, काही सुचेना म्हणून, बॅटरी. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी. फरक इतकाच की प्रत्येक बंबाचं बिल येत होतं.

सल्ल्यांना तोटा नव्हता. कुणी म्हणालं पेट्रोलमध्ये पाणी आहे, कुणी म्हणालं कार्बोरेटर साफ करा. ताईला कार्बोरेटरच नाही, हे ऐकून तो गृहस्थ म्हणाला, "मग तोच प्रॉब्लेम असेल." मेहुण्यांनी गाडी न बघताच निदान केलं, "विकून टाका."

घोडं कुठे पेंड खातंय ते शेवटी एका वयस्कर मेकॅनिकने ओळखलं, तेही बॉनेट न उघडता. "किल्ली ऑनवर आणा, स्टार्टर मारू नका. मागून काही ऐकू येतं?" मी अठरा वर्षं ही गाडी चालवत होतो, पण मागून काही ऐकू यायला हवं हे मला माहीतच नव्हतं. किल्ली ऑन केली की टाकीतला फ्युएल पंप साधारण दोन सेकंद गुणगुणतो, नळीत प्रेशर भरतो आणि इंजिन फिरायची वाट बघत गप्प होतो. घरी आल्यावर मुलीला मागच्या सीटला कान लावून बसवलं आणि किल्ली फिरवली.

"बाबा, ताई बोलत नाही."

आत जाऊन बायकोला म्हटलं, "पंप गेलाय." ती म्हणाली, "कुठला? पाण्याचा? आत्ता तर अंघोळ झाली माझी." मी म्हटलं, पेट्रोलचा. "अगं बाई! बंद झाला? मग आता पेट्रोल कुठे भरायचं?" मराठीत एवढे शब्द असताना सगळ्या पंपांना पंपच का म्हणतात, यावर कुणीतरी लिहायला हवं.

तरी माणूस आशा सोडत नाही. आधी फ्यूज बघितला. धडधाकट. मग रिले, म्हणजे पंपाकडे वीज सोडणारा डबीएवढा स्विच. हॉर्नचा आणि पंपाचा रिले सारखाच असेल तर अदलाबदल करून बघता येते. दुरुस्तीच्या दुनियेत सगळे देव पाण्यात ठेवून जी गोष्ट मागितली जाते ती हीच: देवा, नुसता रिलेच निघू दे. अदलाबदल केली. पंप गप्प, हॉर्न मात्र नेहमीपेक्षा खणखणीत.

राहिला मल्टिमीटर. पंपाच्या जोडणीपाशी वीज पोचते का ते बघायचं, पण ती पोचते दोनच सेकंद. दोन सुया दोन तारांवर टेकवून मान वर करून आकडा बघेपर्यंत खेळ खलास. म्हणून बायकोला ड्रायव्हर सीटवर बसवलं.

"फिरवू?"

"थांब… हां, फिरव!"

"फिरवली!"

"अगं, आत्ता नाही!"

"तुम्हीच म्हणालात फिरव!"

सातव्या खेपेला 12 व्होल्ट दिसले. अर्थिंगही ठीक निघालं. म्हणजे वीज दारापर्यंत येऊन बेल वाजवतेय आणि आतला माणूस उठत नाहीये.

त्याला उठवायचा तात्पुरता उपाय मेकॅनिकनेच सांगितला होता: टाकीच्या बुडाला रबरी हातोडीने दोन हलके दणके. पंपातल्या मोटरचे कार्बन ब्रश झिजलेले असतात, दणक्याने ते जागेवर टेकतात आणि मोटर फिरते. जुन्या रेडिओच्या डोक्यावर थाप मारायचो, त्याच घराण्याचं शास्त्र. पुढचे आठ दिवस मी हातोडी घेऊन हिंडलो. चांगले इस्त्रीचे कपडे घातलेला माणूस सिग्नलला उतरतो, गाडीखाली आडवा होतो, ठक ठक करतो, उठून काहीच झालं नाही अशा चेहऱ्याने निघून जातो. एका स्कूटरवाल्याने मला वाट करून दिली. आदराने की भीतीने, ते कळलं नाही.

नवव्या दिवशी हातोडीलाही ती सहजी दाद देईना. नवा पंप आणला आणि 'त्यात काय एवढं' म्हणून स्वतःच बदलायला बसलो.

मागची सीट उचलली. खाली तीन पेनं, एका बाहुलीचा हात आणि पंपाचं झाकण सापडलं. नळीतलं प्रेशर आधी उतरवायचं असतं: पंपाचा फ्यूज काढून ठेवायचा आणि इंजिन नळीतलं पेट्रोल संपून बंद पडेपर्यंत चालवायचं. हातोडीने कशीबशी जागी केली आणि फ्यूज उपटला. भर रस्त्यात न विचारता बंद पडणारी ताई त्या दिवशी चांगली लांबवत राहिली. गेली बाई एकदाची. मग बॅटरीची निगेटिव्ह तार काढली, दारं सताड उघडली, बाजूला अग्निशामक नळकांडं आणि त्याच्या बाजूला, नळकांड्यापेक्षा जास्त तयारीत, बायको.

पंपाला धरून ठेवणारी गोल रिंग गंजाने टाकीशी एकजीव झालेली. तिला ठोकायचं तर लोखंडाने नाही, पितळेच्या तुकड्याने, कारण लोखंडाची ठिणगी उडाली तर पुढचा लेख दुसऱ्या कुणाला लिहावा लागेल. ठोकत, फुंकर घालत, पुन्हा ठोकत पाऊण तास गेला. अखेर पंप वर आला आणि येताना थेट माझ्या बाहीत पेट्रोल ओतून आला. एवढासा जीव, टॉर्चएवढा! खालची जाळी काळीकुट्ट. झाकणाखालची जुनी रबरी ओ-रिंग पेट्रोल पिऊन इतकी फुगलेली, की खाचेत परत बसवायला गेलो तर एका बाजूने दाबली की दुसऱ्या बाजूने जीभ काढायची. नवी कोरडी रिंग निमूट बसली.

जुना पंप घेऊन मेकॅनिककडे गेलो. त्याने तो हातात फिरवला आणि एकच विचारलं, "टाकी नेहमी रिकामीच ठेवता का?" पंप पेट्रोलात बुडून थंड राहतो, काटा तळाला लागला की तापत बसतो. रिझर्व्हचा दिवा ही मी आजवर केवळ एक सूचना मानत आलो होतो. बायको शेजारीच उभी होती. ती काही बोलली नाही, म्हणजे घरी गेल्यावर बोलणार होती.

सगळं जोडून घरी किल्ली ऑन केली. दोन सेकंद गुणगुण. प्रेशर भरावं म्हणून पुन्हा ऑन, पुन्हा गुणगुण. स्टार्टर मारला आणि ताई बोलली!

टाकी काठोकाठ भरली. काटा मात्र जागचा हलेना आणि रिझर्व्हचा दिवा पेटलेलाच. पंप आत घालताना, काट्याला पेट्रोलची पातळी सांगणाऱ्या तरंगत्या दांडीला माझ्या हातून बाक आला होता. ती सरळ करायची म्हणजे सीट, रिंग, बाही, सगळं पुन्हा. बायको म्हणाली, "राहू दे. असंच छान आहे."

आता दिवा सतत पेटलेला असतो आणि मी सतत घाबरलेला असतो. परवा दिसला पंप की वळवली गाडी. "फुल करा," म्हटलं. चार लिटरला नळी खटकन बंद झाली. पेट्रोल भरणाऱ्या पोराने आकडा पाहिला, काट्याकडे पाहिलं, आणि मग माझ्याकडे पाहिलं, शाळा बुडवायला पोट धरून बसलेल्या पोराकडे बघावं तसं.