वर्डप्रेस शिकवू इच्छिणाऱ्या मान्यवरांस सूचना

वर्डप्रेस या संकेतस्थळ बनवण्याच्या प्रणालीचे ‘शून्यापासून प्रावीण्यापर्यंत’ साहित्य तयार करायचे असल्यास आधी सगळे धडे लिहून काढावेत आणि मग त्यांवर ‘प्राथमिक’, ‘मध्यम’, ‘प्रगत’ या चिठ्ठ्या डोळे मिटून चिकटवाव्यात. आमच्या ग्रंथालयातील नव्या लिपिकबाईंसाठी एका संस्थेकडून नुकत्याच विकत घेतलेल्या संचात ही पद्धत मोठ्या निष्ठेने पाळलेली आहे.

पोस्ट (तारखेनुसार येणारी नोंद) आणि पेज (कायमचे पान) यांतील फरक सांगू नये.

वर्डप्रेस डॉट कॉम (तयार सेवा) आणि वर्डप्रेस डॉट ऑर्ग (स्वतः बसवायचे सॉफ्टवेअर) या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे गुपित शेवटपर्यंत जपावे.

दुसऱ्याच धड्यात थीमच्या, म्हणजे संकेतस्थळाचे रूप ठरवणाऱ्या साच्याच्या, फंक्शन्स डॉट पीएचपी फाइलीत कोड चिकटवायला लावावा आणि मूळ थीमला हात न लावता बदल जपणारी चाइल्ड थीम मात्र ‘प्रगत’ भागासाठी राखून ठेवावी, म्हणजे मधल्या काळात थीम अद्ययावत होऊन तो कोड पुसला गेला की शिकणारी व्यक्ती स्वतःलाच दोष देत बसेल.

धड्यावर आवृत्ती किंवा तारीख चुकूनही घालू नये. डिसेंबर २०१८ मध्ये ५.० आवृत्तीबरोबर मजकूर सुट्या ब्लॉकांत रचणारा ब्लॉक एडिटर आला, जानेवारी २०२२ मध्ये ५.९ बरोबर संपूर्ण संकेतस्थळच ब्लॉकांनी रचण्याची सोय आली आणि तेव्हापासून नव्या वर्डप्रेसबरोबर मिळणारी थीमही ब्लॉक थीमच असते. तरी आपण त्याआधीच्या क्लासिक एडिटरचीच चित्रे छापावीत. ‘अपिअरन्समध्ये जाऊन कस्टमाइझ दाबा’ असे ठणकावून सांगावे. ब्लॉक थीम असली की तिथे सहसा कस्टमाइझ दिसत नाही, विजेट्स आणि मेनूज दिसत नाहीत, दिसतो तो ‘एडिटर’, आणि त्याच्याविषयी संपूर्ण संचात एक अक्षर नाही. बाई बिचाऱ्या नसलेले बटण शोधत राहतात, आपला संगणकच बिघडला असे समजतात, आणि तुमच्या मदत-क्रमांकावरचे गृहस्थ त्यांना ‘ब्राउझर बदलून पाहा’ म्हणतात!

अहो, प्रगत म्हणजे कोड हे तुम्हांला कोणी सांगितले? संकेतस्थळ चालवणाऱ्याची वाट वेगळी, ते बांधणाऱ्याची वेगळी. लर्न वर्डप्रेस या वर्डप्रेसच्याच शिकवणीच्या संकेतस्थळावर वापरकर्त्यांसाठी आणि विकासकांसाठी स्वतंत्र अभ्यासमार्ग फुकट उपलब्ध आहेत. तेवढे तरी उघडून पाहायचे होते. आमच्या बाईंना हुक आणि फिल्टर ही कोड लिहिणाऱ्यांची हत्यारे नको आहेत. कोणाला कोणते अधिकार द्यावेत, चुकीचा बदल रिव्हिजन्समधून (साठवलेल्या जुन्या प्रतींतून) मागे कसा घ्यावा, नव्या पुस्तकांच्या याद्या वर्गवारीत कशा बसवाव्यात, हेच त्यांच्यासाठी प्रगत आहे आणि नेमके हेच तुम्ही गाळले आहे. आधी काय यायला हवे आणि धडा कोणत्या आवृत्तीवर तपासला, ही दोन वाक्ये लिहिण्याचाही तुम्हांला कंटाळा आला. शुल्क मात्र पूर्ण घेतलेत. आता निदान पहिला धडा आजच्या वर्डप्रेसवर स्वतः करून पाहा आणि चित्रे बदला.