ग्रामर विसरा म्हणणाऱ्यांसाठी

आमच्या नौपाड्यातल्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज फिरून फिरून येतो : 'ग्रामर विसरा, 30 दिवसांत इंग्रजी बोला.' म्हणणं असं की, तान्हं मूल व्याकरण शिकून बोलत नाही. मग मोठ्यांनी तरी का शिकावं? भारी विशेषणं पेरा, स्वल्पविराम मोबाइल टाकतो, वाक्यांचे साचे परीक्षेपुरते. वागळे इस्टेट आणि ऐरोलीत नोकरी करणारी मुलं संध्याकाळी माझ्याकडे इंग्रजी शिकायला येतात, म्हणून गप्प बसवत नाही.

तान्ह्या मुलाच्या कानावर भाषा दिवसभर पडते, वर्षानुवर्षं. माझा विद्यार्थी ट्रान्स-हार्बर लोकलने ऑफिसला जातो आणि इंग्रजी ऐकतो ते एका मीटिंगपुरतं. एवढ्याशा शिदोरीवर त्याला नियमाचाच आधार. नुसते नियम घोकून कोणी बोलू लागत नाही, हे मात्र कबूल. आम्ही शाळेत विशेषणाची व्याख्या घडाघडा म्हणायचो आणि वाक्यातलं विशेषण ओळखायची वेळ आली की छताकडे बघायचो.

बरं, विशेषणं भारी हवीत कशाला? 'आय अ‍ॅम बोरिंग' म्हणणाऱ्याला सांगायचं असतं की मला कंटाळा आलाय, आणि ठरतो तो स्वतःच कंटाळवाणा. तिथे 'बोअर्ड' हवं. क्रमाचं म्हणाल तर आधी मत, मग आकार, वय, रंग, शेवटी कशाचं बनलंय ते : 'ब्यूटिफुल ओल्ड वुडन स्विंग'. 'लाकडी जुना सुंदर झोपाळा' मराठी कानालाही खटकतोच की. अर्धा नियम घरात आहे.

स्वल्पविरामावर एकाने लिहिलं, 'मोडी लिपीत कुठे होता? पेशवाई चाललीच ना!' चालली. पण छापील मराठीत ही चिन्हं 19व्या शतकात रुळली आणि त्याचं श्रेय मेजर कँडी या इंग्रजालाच देतात. आता अमेरिकेतली गोष्ट ऐका. मेन राज्याच्या कायद्यात ओव्हरटाइम न मिळणाऱ्या कामांची यादी होती : कॅनिंग, प्रोसेसिंग, फ्रीझिंग असं करत शेवटी 'पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्यूशन'. 'ऑर'च्या आधी स्वल्पविराम नाही. मग वाटप हे वेगळं काम, की पाठवण्यासाठी वा वाटपासाठी केलेलं पॅकिंग हे एकच काम? ओकहर्स्ट डेअरीचे ड्रायव्हर माल पोचवायचे, पॅकिंग करत नव्हते. त्यांनी नेमकं याच फटीत बोट घातलं : वाटप हे वेगळं काम नसेल, तर आम्ही यादीबाहेर, ओव्हरटाइम द्या. यादीतली बाकी कामं 'इंग'ने संपतात आणि 'डिस्ट्रिब्यूशन' तेवढं 'शिपमेंट'च्या पंगतीला बसतं, हाही त्यांचा मुद्दा होता. 2017मध्ये अपील न्यायालयाने कायदा संदिग्ध ठरवून ड्रायव्हरांच्या बाजूने कौल दिला. 2018मध्ये डेअरीने 50 लाख डॉलरवर तडजोड केली. त्याआधी, 2017मध्येच, कायदाही बदलला होता : स्वल्पविरामांच्या जागी अर्धविराम आले आणि 'डिस्ट्रिब्यूशन'चं 'डिस्ट्रिब्यूटिंग' झालं. मोबाइल शब्द सुचवेल, स्वल्पविरामही टाकेल. पण तुमच्या मनात कामं दोन आहेत की एक, हे त्याला कुठून कळणार?

राहिले साचे. परवा एका मुलीच्या बायोडेटात होतं : 'हँडलिंग कस्टमर्स, रिपोर्ट्स, अँड आय ऑल्सो ट्रेन्ड ज्युनियर्स'. तीन कामं, तिघांची तोंडं तीन दिशांना. मी इंग्रजीतलं काहीच सांगितलं नाही. फळ्यावर लिहिलं : 'खायला काळ आणि जमिनीवर त्याचा भारही असतो.'

"अहो मॅडम, काय हे! 'खायला काळ, भुईला भार' ना?" ती हसली.

"का गं? अर्थ तर तोच आहे."

ती थोडा वेळ फळ्याकडे बघत राहिली. मग बायोडेटा ओढून घेतला आणि ओळ खोडून लिहिलं : 'हँडल्ड कस्टमर्स, प्रिपेअर्ड रिपोर्ट्स, अँड ट्रेन्ड ज्युनियर्स'.